दोन चेहरे दिसले म्हणजे लग्नच असं नाही: राजघराण्यांच्या लग्नवाढदिवसांची पदकं कशी वाचायची

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना कुलपं, बंद पडलेले कॅमेरे आणि पितळी तोट्यांच्या ढिगात एखादं तळहाताएवढं गोल पदक दिसतं. पुढे मुकुटधारी राजा, त्याच्या खांद्याआडून डोकावणारी राणी. विक्रेता लगेच सांगतो, "राजाराणीच्या लग्नाचं मेडल आहे साहेब, सिल्व्हर ज्युबिली." या एका वाक्यात दोन वेगळे प्रसंग एकत्र कालवलेले असतात. नव्या संग्राहकाची पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते, आणि प्रसंग चुकला की पुढे मशाल, पानं, ढाली या सगळ्यांचा अर्थही चुकतो.

हा लेख युरोपातल्या राजघराण्यांच्या लग्नवाढदिवसांच्या पदकांबद्दल आहे. त्याच प्रसंगांची खास नाणीही निघाली. बाजारात ती पदकांतच मिसळून येतात, म्हणून त्यांचाही विचार इथे केला आहे.

जवळ काय काय हवं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. जास्त शक्तीचं घेऊ नका, कारण एका वेळी एकच अक्षर दिसतं आणि संदर्भ सुटतो.
- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर. जबडे धातूचे असतील तर त्यांवर कागदी चिकटपट्टी लावा.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, २०० ग्रॅम क्षमतेचा.
- लहान काचेचा पेला आणि बारीक नायलॉनचा दोरा.
- लोहचुंबक.
- एलईडी टॉर्च. खोलीतला दिवा बंद करून उजेड बाजूने, जवळजवळ आडवा टाकायचा. झिजलेली अक्षरं वरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत, आडव्या उजेडात उठून येतात.
- वही, पेन्सिल आणि खरेदीची पावती. पावती मिळत नसेल तर तारीख, जागा आणि किंमत त्याच दिवशी वहीत लिहा.

१. आधी प्रसंग ठरवा

राजाराणीच्या पदकाला चार प्रसंग असू शकतात: लग्न, लग्नाचा वाढदिवस, राज्याभिषेक आणि राज्यकारभाराचा वाढदिवस. चारही पदकांवर जोडीचे चेहरे येतात. मराठीत 'रौप्यमहोत्सव' हा शब्द आपण संस्थेलाही वापरतो आणि लग्नालाही. इंग्रजीत मात्र राजाच्या बाबतीत 'ज्युबिली' म्हणजे गादीवर बसल्याला झालेली वर्षं, आणि लग्नासाठी 'सिल्व्हर वेडिंग', 'गोल्डन वेडिंग' हे शब्द. पदकावर किंवा डबीवर 'ज्युबिली' दिसलं की लग्नाचा विचार तिथेच सोडा.

पुण्यात लग्नाचं म्हणून विकलं जाणारं सर्वांत नेहमीचं उदाहरण १९३५ चं आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी, दोघं एकाआड एक, डावीकडे पाहणारे. चेहऱ्यांभोवतीच्या लेखात दोघांची नावं आणि 'मे', त्यापुढे रोमन सहा, मग रोमन आकड्यांत १९३५. जॉर्ज ६ मे १९१० रोजी गादीवर आला, म्हणजे ही राज्याची २५ वर्षं. त्यांचं लग्न ६ जुलै १८९३ चं, म्हणजे लग्नाचा रौप्यमहोत्सव १९१८ मध्येच होऊन गेला होता. या पदकात आणखी एक खोडा आहे: 'मे'पुढचा रोमन सहा पाहून काही जण ते सहाव्या जॉर्जचं ठरवतात. तो सहा तारखेचा आहे.

दुसरं उदाहरण १९११ च्या दिल्ली दरबाराचं रुपेरी पदक. इथेही तीच जोडी, दोघांच्या डोक्यावर मुकुट, भोवती गुलाबांची माळ. गुलाब आणि जोडी पाहून लग्न वाटणं साहजिक आहे, पण मागे फारसी लेख आहे आणि तो दरबाराचा आहे.

तिसरं उदाहरण पुणेकराने तरी चुकवू नये. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधला समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. तो समारंभ व्हिक्टोरियाच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाचा होता. त्या वर्षीच्या अधिकृत पदकावर एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखा झिरझिरीत बुरखा घेतलेली वृद्ध राणी आणि दुसऱ्या बाजूला केस बांधलेली तरुणी आहे. सासू-सून, आई-मुलगी असे तर्क लढवले जातात. दोन्ही चेहरे व्हिक्टोरियाचेच आहेत, १८९७ चा आणि १८३७ चा. लॅटिन लेखातला 'रेग्नी' हा शब्द शोधा, त्याचा अर्थ 'राज्याचं'. लग्नाच्या पदकावर त्या जागी 'मात्रिमोनी' किंवा त्याच कुळातला शब्द येतो.

यावर उपाय साधा: दोन तारखा शोधा आणि वजाबाकी करा. २५, ५० किंवा ६० आले की सुरुवातीची तारीख लग्नाची आहे की गादीवर येण्याची, ते तपासा. खालची यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या:

- ऑस्ट्रिया, फ्रान्झ योझेफ आणि एलिझाबेट: लग्न २४ एप्रिल १८५४, रौप्य १८७९
- प्रशिया, पहिला विल्हेल्म आणि आउगुस्टा: ११ जून १८२९, सुवर्ण १८७९
- जर्मनी, दुसरा विल्हेल्म आणि आउगुस्टे व्हिक्टोरिया: २७ फेब्रुवारी १८८१, रौप्य १९०६
- डेन्मार्क, नववा ख्रिश्चन आणि लुईझ: २६ मे १८४२, सुवर्ण १८९२
- स्वीडन, दुसरा ऑस्कर आणि सोफिया: ६ जून १८५७, सुवर्ण १९०७
- इटली, उंबेर्तो आणि मार्गेरिता: २२ एप्रिल १८६८, रौप्य १८९३
- ब्रिटन, एडवर्ड (तेव्हा युवराज) आणि अलेक्झांड्रा: १० मार्च १८६३, रौप्य १८८८
- ब्रिटन, पंचम जॉर्ज आणि मेरी: ६ जुलै १८९३, रौप्य १९१८
- ब्रिटन, सहावा जॉर्ज आणि एलिझाबेथ: २६ एप्रिल १९२३, रौप्य १९४८
- ब्रिटन, दुसरी एलिझाबेथ आणि फिलिप: २० नोव्हेंबर १९४७, रौप्य १९७२, सुवर्ण १९९७, हीरक २००७

या यादीचा एक आडवा फायदाही आहे. कोणती पदकं असूच शकत नाहीत तेही कळतं. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं लग्न १० फेब्रुवारी १८४० चं, पण अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेला. त्यांच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव झालाच नाही, त्यामुळे "व्हिक्टोरियाचं सिल्व्हर वेडिंग" असं कुणी म्हणालं तर भिंग खिशातून काढायचीसुद्धा गरज नाही.

२. पदक सरळ धरा

ही पायरी पोरकट वाटते, पण उलटी धरलेली पदकं पाहून लोकांनी उलटे अर्थ काढलेले आहेत. राजाचा चेहरा सरळ ठेवा आणि पदक पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा. मागची बाजू सरळ आली तर ठीक. ती डोक्यावर उभी दिसली तर त्या टाकसाळीची पद्धत वेगळी आहे. वरची कड खाली आणत उलटा. मागच्या चित्राच्या पायथ्याशी आडवी रेघ आणि तिच्याखाली छोटी तळपट्टी असेल तर ती खाली यायला हवी. तारीख किंवा ठिकाण बहुधा त्या तळपट्टीतच असतं.

३. चित्राभोवतीचा लेख वाचा

चित्राआधी अक्षरं. रोमन अंक पाठ करा: एम १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. लहान अंक मोठ्याच्या आधी आला तर वजा होतो. जुन्या लॅटिन लेखांत यू-च्या जागी व्ही आणि जे-च्या जागी आय कोरतात, त्यामुळे शब्द ओळखीचा असूनही परका वाटतो.

भाषांप्रमाणे शोधायचे शब्द: जर्मनीत 'होख्त्साइट' म्हणजे लग्न, आधी 'झिल्बर्न' किंवा 'गोल्डन'. फ्रेंचमध्ये 'नोस', इटालियनमध्ये 'नोत्से', स्वीडिशमध्ये 'ब्रोलोप', डॅनिशमध्ये 'ब्रुलुप'. अक्षरं पाहून उच्चार येणार नाही. हरकत नाही, शब्द उतरवून घ्या आणि घरी शब्दकोशात पाहा.

लॅटिनचा एक सुंदर सापळा ऑस्ट्रियाच्या १८७९ च्या दोन गुल्डनच्या चांदीच्या नाण्यावर आहे. मागच्या लेखात 'क्विंटुम मात्रिमोनी लुस्त्रुम' असे शब्द आणि पुढे २४ एप्रिल १८७९ ही तारीख आहे. 'क्विंटुम' म्हणजे पाचवं. इथे थांबलात तर लग्नाचा पाचवा वाढदिवस निघतो. पण 'लुस्त्रुम' म्हणजे रोमन लोकांचा पाच वर्षांचा काळ, म्हणजे पाचवं पंचक, म्हणजेच २५ वर्षं. वजाबाकी आधी केली असेल तर हा घोळ होत नाही.

४. चेहऱ्यांची मांडणी

एकाआड एक चेहरे ही मांडणी फार जुनी. इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर दुसरा टॉलेमी आणि अर्सिनोई असेच आहेत, आणि ती दोघं नवराबायको तर होतीच, सख्खी भावंडंही होती. या मांडणीचा अर्थ 'आम्ही दोघं मिळून एक सत्ता' असा. प्रेमाची खूण ती नंतर झाली.

पुढे कोण आहे ते नोंदवा. पुढचा चेहरा सत्ताधाऱ्याचा. फ्रान्झ योझेफ पुढे, एलिझाबेट मागे. पण १९९७ च्या ब्रिटिश पाच पौंडांच्या नाण्यावर राणी पुढे आणि फिलिप मागे आहे, कारण गादी तिची. बायको पुढे दिसली की ती स्वतः राज्य करणारी राणी असणार, असा अंदाज धरायला हरकत नाही. चेहरे समोरासमोर असतील तर मान सारखा. १५५४ च्या इंग्लिश शिलिंगवर मेरी आणि स्पेनचा फिलिप एकमेकांकडे पाहतात आणि मुकुट दोघांच्या मधोमध तरंगतो. कोणाच्याच डोक्यावर तो ठेवलेला नाही, हे राजकारण त्या काळच्या लोकांना बरोबर कळत होतं.

५. हात, मशाल आणि देवमंडळी

हातात हात असतील तर अंगठे पाहून दोन्ही हात उजवे आहेत का ते तपासा. रोमन लग्नात वधूवरांनी उजवे हात मिळवणं हा मुख्य विधी होता, आणि 'कोन्कोर्दिया' म्हणजे एकोपा हा शब्द त्याच चित्राबरोबर नाण्यांवर येत असे. आपल्याकडच्या पाणिग्रहणाशी याचं साम्य उघड आहे. मात्र हेच मिळालेले हात तहाच्या, व्यापाराच्या आणि विमा कंपन्यांच्या पदकांवरही असतात. हातांवरून एकट्याने लग्न ठरवू नका.

मशाल घेतलेला, डोक्यावर फुलांची माळ असलेला तरुण म्हणजे हायमेन, रोमनांचा लग्नदेव. त्याची मशाल वर पेटलेली असते. मशालीचं तोंड खाली असेल तर तो मृत्यूचा दूत आहे आणि तुमच्या हातात शोकपदक आहे. दुसरी पायरी टाळली असेल तर ही गफलत हमखास होते: पदक उलटं धरलं, मशाल खाली दिसली, आणि लग्नाचं पदक वहीत श्राद्धाचं होऊन बसलं.

पंखवाला उघडा मुलगा म्हणजे एरॉस, अर्थात क्युपिड. ब्रिटनच्या १९७२ च्या रौप्यविवाहाच्या नाण्यावर तो पानांच्या नक्षीत आहे आणि एलिझाबेथ व फिलिप यांची आद्याक्षरं मुकुटाखाली जोडली आहेत. पुढच्या बाजूला फक्त राणीचा चेहरा आहे. म्हणजे लग्नाचा वाढदिवस आहे, पण जोडीचे चेहरे नाहीत! दोन चेहऱ्यांच्या नियमाची ही उलटी बाजू. या नाण्यावर किंमत कुठेही लिहिलेली नाही, त्यामुळे विक्रेते ते पदक म्हणून विकतात. ते २५ पेन्सचं नाणं आहे आणि लाखोंनी निघालेलं आहे, त्याप्रमाणेच भाव करा.

ऑस्ट्रियाच्या १८७९ च्या नाण्यावर मागे बसलेली बाई फोर्तुना, म्हणजे दैवदेवता. हातात सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग. सुकाणू म्हणजे दैव संसाराची नाव वळवतं, शिंग म्हणजे भरभराट. सुकाणूला वल्हं समजू नका. वल्ह्याची दांडी लांब असते, सुकाणूचं पातं रुंद आणि आखूड.

बाकीचं थोडक्यात. कबुतरांची जोडी व्हीनसची. मोर इथे सरस्वतीचा नाही की कार्तिकेयाचाही नाही, तो जूनोचा, आणि जूनो विवाहाची देवी. शेपूट तोंडात धरलेला साप म्हणजे अखंड काळ, त्यात अशुभ काही नाही. कुत्रा म्हणजे निष्ठा. एल्मच्या झाडावर चढलेली द्राक्षवेल म्हणजे दांपत्य. आंब्याला बिलगलेली माधवीलता ज्याने संस्कृत काव्यात पाहिली आहे त्याला हे समजवायला नको. मार्गेरिता राणीच्या वस्तूंवर डेझीची फुलं आली तर ती नुसती सजावट नाही: इटालियनमध्ये 'मार्गेरिता' म्हणजेच डेझी.

६. पानं मोजून पाहा

इथे घाई करू नका. नवख्या नोंदवह्यांत प्रत्येक हिरव्या माळेला 'लॉरेल' लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या निम्म्या वेळा लग्नाची खूण हातून निसटते.

लग्नाचं झुडूप मर्टल. हिंदीत त्याला विलायती मेंदी म्हणतात. रोमनांसाठी ते व्हीनसचं झाड होतं. जर्मनीत नवरीच्या डोक्यावर मर्टलची हिरवी माळ, पंचविसाव्या वाढदिवसाला तीच रुपेरी आणि पन्नासाव्याला सोनेरी. म्हणून जर्मन पदकांवर माळेच्या मधे २५ किंवा ५० एवढाच आकडा असला तरी त्यांना पुरतं. भिंगाखाली मर्टलची पानं लहान, टोकदार आणि समोरासमोर जोडीने दिसतात. फळ दिसत असेल तर त्याचं टोक पाहा. मर्टल आपल्या पेरूच्या आणि जांभळाच्या कुळातलं आहे. पेरूच्या बुडाला सुकलेल्या निदलांचा (फुलाच्या पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांचा) जो छोटा मुकुट उरतो, तसाच मर्टलच्या इवल्या फळावरही राहतो. कसलेला खोदकार तो मुकुट दोन-तीन टोकांनी दाखवतो. तो दिसला की शंका संपली.

लॉरेलचं पान मोठं, काठ किंचित लाटांसारखा, पानं आळीपाळीने, एक या बाजूला तर पुढचं त्या बाजूला. त्याला तमालपत्र म्हणायची सवय आहे, पण आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या तमालपत्राला देठापासून तीन शिरा निघतात आणि लॉरेलला मधे एकच. लॉरेल म्हणजे विजय. ऑलिव्हची पानंही समोरासमोर असतात, पण लांब आणि अरुंद. ऑलिव्ह म्हणजे शांतता. ओकचं पान वळणावळणाच्या काठाचं, सोबत वाटीत बसलेलं फळ. त्याचा अर्थ नागरी सन्मान किंवा बळ. एकाच माळेत डावीकडे ओक आणि उजवीकडे लॉरेल असं पुष्कळदा असतं, तेव्हा दोन्ही बाजू स्वतंत्र पाहा.

व्हिक्टोरियाने १८४० मध्ये लग्नात डोक्यावर संत्र्याच्या फुलांची माळ घातली होती. पाच जाड पाकळ्यांची फुलं आणि पानांत कळ्या दिसल्या तर तीही लग्नाची खूण मानतात.

७. ढाली आणि मुकुट

दोन ढाली शेजारी असतील तर नवऱ्याची ढाल तुमच्या डाव्या हाताला असते. कारण ढालीची उजवी-डावी बाजू ती धरणाऱ्याच्या अंगावरून ठरते, पाहणाऱ्याच्या नाही. बायको नवऱ्याच्या डावीकडे, आपल्या वामांगीसारखंच. १९९७ च्या नाण्यावर मात्र तुमच्या डावीकडची ढाल राणीची आहे, कारण ज्याची गादी त्याची मानाची बाजू. म्हणजे चौथ्या पायरीतला निष्कर्ष इथे पडताळून पाहता येतो. दोन्ही जुळले नाहीत तर कुठेतरी चुकलं आहे, परत पाहा.

आद्याक्षरांची गुंफण असेल तर अक्षरं आरशात पाहावीत तशी उलटीही कोरलेली असतात. मोबाइलवर फोटो काढून तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला की वाचता येतात.

८. कड फिरवा

पदकाची जाडी, म्हणजे कड, सगळ्यात कमी पाहिली जाते आणि सगळ्यात जास्त सांगते. टॉर्चच्या उजेडात पूर्ण एक फेरी घ्या.

कडेवर भरलेलं शिंग आणि शेजारी 'आर्झां' किंवा 'ब्राँझ' असा शब्द दिसला तर ते दैवदेवतेचं शिंग नाही. १८८० पासूनची ती पॅरिसच्या टाकसाळीची खूण आहे आणि शब्द धातूचा. त्याआधी १८६० ते १८७९ या काळात खूण मधमाशीची, आणि १८४५ ते १८६० मध्ये बोट दाखवणाऱ्या हाताची. यातून पुनर्मुद्रणही सापडतं: पदकावर तारीख १८५४ ची आणि कडेवर शिंग, तर साचा जुना पण ठोकलं १८८० नंतर.

ब्रिटिश चांदीच्या पदकांच्या कडेवर पुष्कळदा हॉलमार्क असतो. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी कचेरी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनची. १९७४ पर्यंतच्या चांदीवर मुकुट म्हणजे शेफील्ड. १९७२ च्या रौप्यविवाहाच्या खासगी पदकांवर हे छाप भरपूर सापडतात, आणि कडेवरचा मुकुट पाहून "राजघराण्याचा अधिकृत शिक्का" असं सांगून भाव चढवला जातो. नांगराचंही तसंच. १९९७ च्या नाण्याच्या मागे ढालींखाली असलेला नांगर फिलिपच्या नौदलातल्या नोकरीकडे बोट दाखवतो. कडेवरचा नांगर फक्त गावाचं नाव सांगतो.

गळ्याखाली, चेहरा जिथे कापलेला असतो तिथे खोदकाराची सही असते. नावानंतरचा एकटा एफ किंवा 'फेक' हे 'फेकित'चं लघुरूप, म्हणजे 'याने केलं'. ते आडनावाचं अक्षर धरू नका.

९. धातू तपासा

रौप्यविवाहाचं पदक चांदीचं असेलच असं नाही आणि सुवर्णाचं सोन्याचं तर क्वचितच. डेन्मार्कने १८९२ च्या सुवर्णविवाहाला काढलेलं दोन क्रोनरचं नाणं चांदीचं आहे.

घरच्या घरी घनता काढा. पदक कोरडं वजन करा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा, पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. १९७२ चं तेच ब्रिटिश नाणं इथे चांगला धडा देतं. ते तांबं-निकेलचं आहे आणि चांदीचंही निघालं. दोन्हींचं वजन २८.२८ ग्रॅम, दोन्हींचा व्यास ३८.६१ मिलिमीटर, आणि फोटोत ती सारखीच दिसतात. पाण्यात मात्र तांबं-निकेल ३.१८ च्या आसपास आकडा दाखवतं आणि स्टर्लिंग चांदी २.७३ च्या आसपास. भागाकार अनुक्रमे ८.९ आणि १०.४ च्या जवळ येतो. ब्राँझ साधारण ८.८, कथलाच्या पांढऱ्या मिश्रधातूचं ७.३ च्या आगेमागे, ॲल्युमिनियम २.७.

चुकतं कुठे? पदकाला कडी असेल तर तिच्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि घनता कमी येते. पाण्यात एकदा हलवून बुडबुडा जाऊ द्या. बोट पाण्याला लागलं तरी आकडा बिघडतो. काम झालं की लगेच टिपून, पंख्याखाली पूर्ण कोरडं करा.

सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफी भागात यंत्रावर टंच काढून मिळतो. पैसे देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा: कसोटीवर घासायचं नाही, कानस लावायची नाही. यंत्र फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असलेलं तांबं ते सोनं म्हणून दाखवू शकतं. नाक, कपाळ, केसांचा उंच भाग आधी भिंगाने पाहा. मुलामा सगळ्यात आधी तिथूनच जातो.

ओतीव नकलाही येतात. साच्याने ठोकलेल्या अस्सल पदकाची अक्षरं मुळाशी काटकोनात उभी असतात. ओतीव नकलेत ती साबणासारखी गोलावलेली, मैदानात, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट जागेत, बारीक खड्डे, कडेवर जोडरेघ. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल व्यासाला एक-दीड टक्क्याने लहान भरते. कॅलिपर घेतला आहे तो यासाठीच.

१०. पुसू नका, नीट ठेवा, नोंद करा

चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही लावायचं नाही. चकाकी येते, पण मर्टलच्या फळावरचा तो मुकुट आणि खोदकाराची सही कायमची जाते. धूळ मऊ ब्रशने झटका, बस्स.

नाण्यांच्या अल्बमची मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पानं टाळा. पुण्याच्या पावसाळ्यात त्यांतून चिकट हिरवट थर सुटतो आणि तांब्या-ब्राँझला धरतो. कडक, वास नसलेल्या पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. जूनच्या आधी ती बदला किंवा तापवून कोरडी करा. चांदीजवळ रबरबँड आणि वर्तमानपत्र नको, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते. मूळ मखमली डबी असेल तर ती जपा, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं. पण पदक तिच्यात ठेवू नका.

नोंदीत व्यास, वजन, घनता, दोन्ही बाजूंचा लेख जसाच्या तसा, कडेवरच्या खुणा, सही, आणि प्रत्येक चिन्हापुढे 'काय दिसतं' आणि 'काय अर्थ लावला' असे दोन वेगळे रकाने ठेवा. "डोक्यावर फुलांची माळ घातलेला तरुण, हातात मशाल, मशालीचं तोंड वर" हे पहिल्या रकान्यात, "हायमेन" दुसऱ्यात. उद्या अर्थ चुकला असं कळलं तर दुसरा रकाना खोडता येतो आणि पहिला शाबूत राहतो. प्रसंगाचा रकाना दोन्ही तारखा पडताळेपर्यंत पेन्सिलनेच भरा.

परदेशातल्या संग्राहकाला विकायचं किंवा अदलाबदल करायचं मनात आलं तर आधी वय मोजा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली नाणी आणि कलावस्तू पुरावस्तू ठरतात आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १८७९ किंवा १९०६ चं पदक पोस्टात टाकणं म्हणूनच बेकायदा ठरू शकतं. वयाबद्दल शंका असेल तर पाकीट बंद करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.